प्रवासी डबा की लाइन कार? एका ट्रॉली संग्रहालयातील कामगाडीचे प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेच्या ईशान्य भागातील, स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका ट्रॉली संग्रहालयातील आहे. ट्रॉली म्हणजे वरच्या तारेतून वीज घेऊन रुळांवर धावणारी ट्राम. संग्रहालयाचे, देणगीदार कुटुंबाचे आणि समितीच्या सदस्यांचे नाव तसेच गाडीचा क्रमांक येथे दिलेला नाही. मुंबईत उपनगरी गाड्यांच्या देखभालीत काही वर्षे काढल्यानंतर मी त्या भागात स्थायिक झालो आणि सुट्टीच्या दिवशी तेथील कारशेडमध्ये काम करू लागलो. समितीच्या बैठकांना मी विद्युत विषयाचा निमंत्रित म्हणून बसत असे. मताचा अधिकार मला नव्हता, परंतु चर्चा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आहे, आणि पुढे ज्या चुकीचे वर्णन आले आहे तिच्यात माझाही हात होता.

पार्श्वभूमी

कारशेडच्या शेवटच्या रुळावर एक लाकडी विद्युत गाडी उभी होती. छपराच्या मधोमध तिला लाकडी मनोरा होता, बाजूच्या खिडक्या फळ्या मारून बंद केलेल्या होत्या आणि आत बाकांच्या जागी कामाचे जाड टेबल, लोखंडी व्हाइस, खणांचे कपाट व कोळशाची शेगडी होती. मुंबईत ओव्हरहेड वायर तुटली की टॉवर वॅगन येते हे लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ही गाडी त्याच कुळातली, पण टॉवर वॅगनच्या कितीतरी आधीची. तिकडे तिला लाइन कार म्हणतात.

फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ साली व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात विजेच्या ट्रॉलीगाड्यांचे पहिले मोठे जाळे यशस्वी करून दाखवले आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत अमेरिकेच्या गावोगावी रुळांवर तार टांगली गेली. ज्या मार्गांना समांतर रस्ता होता तेथे तार दुरुस्त करणारे कामगार आधी घोड्यांच्या आणि नंतर मोटारीच्या मनोरागाडीने येत. शेतांतून, जंगलातून आणि ओढ्यांवरून जाणाऱ्या आंतरगावी मार्गांवर मात्र रस्ताच नसल्यामुळे दुरुस्तीची गाडीही रुळांवरूनच यावी लागे. लहान कंपन्यांना त्यासाठी नवी गाडी विकत घेणे परवडत नसे. त्या आपल्याच कारखान्यात एखादा जुना प्रवासी डबा घेऊन त्याचे छप्पर कापत, मनोरा बसवत आणि बाके काढून टाकत. वापरून झालेल्या डब्याला दुसरे काम देण्याची ही रीत भारतीय रेल्वेतही आहे. आज मोटारी वाहून नेणाऱ्या अनेक मालगाड्या जुन्या प्रवासी डब्यांपासूनच केलेल्या आहेत.

आपली गाडीही अशीच घडली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील एका कारखान्यात ती प्रवासी डबा म्हणून बांधली गेली, काही वर्षे प्रवासी घेऊन धावली आणि मग कंपनीच्या कारखान्यात तिची लाइन कार झाली. पुढे मोटारी वाढल्या, आर्थिक मंदी आली, आणि १९३५ च्या कायद्यानंतर वीज कंपन्यांना आपल्या ट्रॉली कंपन्या सोडून द्याव्या लागल्या. मार्ग एकामागून एक बंद पडले. लाकडी डबे मोडीत काढण्याची त्या काळची पद्धत अशी, की ते एका रांगेत उभे करून पेटवून देत आणि राखेतून लोखंड व तांबे वेचून घेत. या गाडीच्या मालिकेतील, म्हणजे तिच्याच नमुन्याचे, सगळे प्रवासी डबे असेच जळाले. लाइन कार वाचली ती केवळ तिच्याकडे शेवटपर्यंत काम होते म्हणून, कारण मार्ग बंद झाल्यावर खांबांवरची तांब्याची तार उतरवायलाही तीच हवी होती.

मेन राज्यातील सीशोर ट्रॉली संग्रहालयाची सुरुवात १९३९ साली एका उघड्या ट्रॉलीच्या खरेदीने झाली आणि त्यानंतर त्या भागात इतरही हौशी गट उभे राहिले. आपले संग्रहालय त्यांच्यापैकी एक. या गटाने ही लाइन कार भंगाराच्या भावात घेतली, आणि स्वतःच्या रुळांवर पहिली तार टांगली ती हिच्याच मनोऱ्यावरून. कामगाडी म्हणून ती कंपनीकडे जेवढी वर्षे राबली, साधारण तेवढीच वर्षे ती संग्रहालयातही राबली. पुढे रस्ता आणि रूळ या दोन्हींवर चालणारी, उचलत्या पाळण्याची एक जुनी मोटारगाडी मिळाल्यावर लाइन कार शेडमध्ये जाऊन उभी राहिली आणि दहाएक वर्षे तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

प्रश्न

त्या मार्गावरच्या एका मोटरमनच्या नातवंडांनी संग्रहालयाला पत्र लिहिले तेव्हा हा विषय उभा राहिला. आजोबांनी चालवलेल्या मालिकेतील एकच गाडी जगात उरली आहे असे त्यांना समजले होते, आणि तिला पुन्हा प्रवासी रूप द्यायचे असेल तर खर्चाचा मोठा वाटा उचलण्याची त्यांची तयारी होती. पत्रात खवचटपणा नव्हता, अटींची भाषा नव्हती. आजोबा जिथे उभे राहून हँडल फिरवत त्या जागेच्या मागच्या बाकावर आपल्या मुलांना बसवावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

गाडीची अवस्था वाईट होती. मनोऱ्याच्या पायांशी छप्पर गळत होते, कॅनव्हास फाटला होता, एका कोपऱ्यात फरशीच्या फळ्या पायाखाली दबत होत्या. काहीच न करणे हाही एक निर्णय होता आणि तो गाडीला मारणारा होता, यावर सगळ्यांचे एकमत होते. देणगीही अशी, की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. पहिल्याच बैठकीत ती स्वीकारण्याचा ठराव जवळजवळ संमत झाला होता. तेवढ्यात सुतारकाम पाहणाऱ्या एका ज्येष्ठ सदस्याने विचारले, की या गाडीच्या मजल्याखाली वाकून शेवटचे कोणी आणि कधी पाहिले आहे? उत्तर कोणाकडेच नव्हते. ठराव पुढे ढकलला गेला आणि आधी सविस्तर पाहणी करायचे ठरले. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय माझ्या मते हाच, आणि तो एका साध्या प्रश्नामुळे झाला.

पाहणीत काय आढळले

लाकूड तपासण्याची रीत जुनीच आहे. हातात टोच्या घ्यायचा आणि दर वीतभर अंतरावर लाकडात दाबून पाहायचा. चांगल्या ओकच्या लाकडात तो नखाएवढाही शिरत नाही. शेगडीखालच्या कोपऱ्यात तळाच्या लांब तुळईमध्ये तो मुठीपर्यंत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला ओला तपकिरी भुसा चिकटलेला होता. मनोऱ्याच्या पायांशी शिरलेले पावसाचे पाणी भिंतीच्या आतून उतरून येथे साचत आले होते.

खरी महत्त्वाची गोष्ट मात्र त्याच्या उलट होती. लाकडी गाडीचे अंग वयाबरोबर मधोमध उचलले जाते आणि दोन्ही टोके खाली झुकतात. ताणलेल्या लोखंडी सळ्या व त्यांचे टर्नबकल (सळीचा ताण कमी-जास्त करणारे पेच) कसून हा झोल सांभाळावा लागतो. या वयाच्या, इतकी वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या गाडीत तो झोल डोळ्यांना दिसायला हवा होता. दोरी ताणून मोजल्यावर तो फारच थोडा निघाला. कारण शोधायला खाली गेल्यावर दिसले, की मनोरा बसवताना कंपनीच्या कारखान्यातील कामगारांनी त्याचे वजन पेलण्यासाठी छपरापासून तळापर्यंत चार उभे ओकचे खांब घातले होते आणि तळाला आडव्या जादा तुळया बोल्टने जोडल्या होत्या. मूळ कारखान्याच्या आराखड्यात हे काहीच नव्हते. प्रवासी रूप परत आणायचे तर हे खांब आणि तुळया काढाव्या लागणार होत्या, आणि त्या काढल्या की गाडीची जुनी चौकट उरलेल्या कामाला पुरणार नव्हती. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ गाडीवर नंतर झालेली मोडतोड’ म्हणत होतो, त्याच कामाने ती गाडी आजपर्यंत उभी ठेवली होती.

प्रवासी रूपासाठी लागणारे पुरावेही तुटपुंजे होते. बाके गेली होती, आतली चेरीच्या लाकडाची पट्टीकामे गेली होती, दिवे गेले होते. अंतर्भागाचे एकही छायाचित्र मिळाले नाही. बाहेरून घेतलेली दोन छायाचित्रे होती, तीही कृष्णधवल. उरलेले सगळे त्याच कारखान्याच्या दुसऱ्या गाड्यांवरून ठरवावे लागले असते.

लाइन कारचे पुरावे मात्र गाडीतच होते, आणि ओसंडून जावेत इतके. खणांमध्ये तार पकडून ठेवणारे ब्राँझचे चिमटे होते, ज्यांना तिथले लाइनमन तारेचे कान म्हणत. टांगण्या, चिनी मातीचे इन्सुलेटर, तारेच्या फाट्यांचे बिडाचे तुकडे सगळे आपापल्या खणात. कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला कोणीतरी पेन्सिलीने खांबांचे क्रमांक एकाखाली एक लिहिले होते आणि प्रत्येकापुढे दोन-तीन शब्दांत केलेले काम. कान बदलला, ताण दिला, आडवी तार नवी. यादीच्या डोक्यावर ‘वादळानंतर’ एवढाच शब्द होता. २१ सप्टेंबर १९३८ च्या मोठ्या चक्रीवादळाने तो सगळा प्रदेश झोडपला होता, तेव्हा यादी त्याच वेळची असणार असे बैठकीत लगेच कोणीतरी म्हणाले. तारखेचा पुरावा नसल्यामुळे समितीने तसे नोंदवले नाही आणि फलकावरही लिहिले नाही. ते योग्यच झाले, कारण बर्फाची आणि वाऱ्याची वादळे त्या भागात दर काही वर्षांनी येतच असतात.

विद्युत भाग माझ्याकडे होता. गाडीची चाके फिरवणाऱ्या दोन विद्युत मोटारींपैकी (ट्रॅक्शन मोटारी) पुढच्या मोटारीचे इन्सुलेशन मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रावर, समाधानकारक निघाले. मागच्या मोटारीचे मापन जवळजवळ शून्यावर बसले आणि दिव्यांच्या उष्णतेने आठवडाभर सुकवल्यावरही सुधारले नाही. कंट्रोलरची (मोटरमनच्या हँडलखालचे, मोटारींना वीज देणारे यंत्र) ताम्रपट्ट्यांची बोटे झिजलेली पण दुरुस्त होण्याजोगी होती. या जुन्या कंट्रोलरमध्ये एक मोटार विलग करून दुसरीवर गाडी चालवण्याची सोय मुळातच असते, कारण मार्गात मोटार जळाली तरी गाडी शेडपर्यंत यायला हवी.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय प्रवासी रूपाचा. त्याच्या बाजूने निधी होता, देणगीदारांची भावना होती आणि पाहुण्यांना बसून फिरता येईल अशी एक गाडी वाढत होती. समितीतील दोघांचा याला मनापासून पाठिंबा होता आणि त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता: गाडीचा जन्म ज्या कामासाठी झाला ते तिचे खरे रूप, आणि त्या रूपातील दुसरी गाडी शिल्लक नसेल तर ते परत मिळवणे हे संग्रहालयाचे कर्तव्यच आहे, असे ते म्हणत.

या युक्तिवादाला उत्तर देताना ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचा आधार घेतला गेला. ती सनद वास्तूंसाठी आहे, गाड्यांसाठी नाही; पण तिच्या नवव्या कलमात म्हटले आहे की जेथे तर्कावर भिस्त ठेवणे सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि अकराव्या कलमात म्हटले आहे की वास्तूच्या घडणीत प्रत्येक काळाने घातलेल्या अस्सल भरीचा आदर राखला पाहिजे, कारण शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. ही दोन्ही कलमे आपल्या गाडीवर बोट ठेवल्यासारखी लागू पडत होती. प्रवासी रूपाचा बराचसा भाग तर्काचा झाला असता, आणि त्यासाठी जी अस्सल भर काढून टाकावी लागली असती ती तर गाडीचा कणाच होती.

दुसरा पर्याय होता गाडी पूर्णपणे कामाला जुंपण्याचा, म्हणजे मनोरा नव्याने बांधून संग्रहालयाच्या तारेची देखभाल पुन्हा तिच्यावरूनच करण्याचा. जुन्या लाइनमनांची काम करण्याची पद्धत मुंबईतून आलेल्या माणसाला अंगावर काटा आणणारी आहे. आमच्याकडे १९२५ पासून कित्येक दशके १५०० व्होल्ट डीसी होते, आता २५,००० व्होल्ट एसी आहे, आणि पॉवर ब्लॉक घेऊन, म्हणजे त्या भागाची वीज ठरावीक वेळ बंद करून घेऊन, तार जमिनीशी जोडल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. येथे ६०० व्होल्टची जिवंत तार लाइनमन हाताने धरीत, कारण मनोरा, त्याचा फलाट आणि कठडा हे सगळे कोरड्या लाकडाचे असल्यामुळे माणसाच्या अंगातून जमिनीकडे जायला विजेला वाट नसे. वाट मिळायची ती त्याच वेळी दुसऱ्या हाताने खांबाला जोडलेल्या एखाद्या लोखंडी तारेला स्पर्श झाला तर, किंवा लाकूड ओले असेल तर. गेल्या शतकातील माणसांनी हे काम रोज केले, आणि त्यांच्या कौशल्याबद्दल मला फार आदर आहे. आज स्वयंसेवकांच्या हाती ते देणे मात्र कोणालाच मान्य नव्हते. शिवाय दर वर्षी मनोऱ्याचे लाकूड बदलत राहिले असते तर थोड्याच वर्षांत जुने काहीच उरले नसते.

तिसरा पर्याय गाडी स्थिर ठेवण्याचा: छप्पर दुरुस्त करायचे, कूज थांबवायची आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सावध मार्ग होता. त्याला विरोध झाला तो एका वेगळ्याच कारणाने. न हलणाऱ्या गाडीकडे कोणी फिरकत नाही, आणि कोणी फिरकत नाही त्या गाडीचे छप्पर पुन्हा गळू लागले तरी दहा वर्षे कळत नाही. हे या गाडीच्या बाबतीत एकदा घडून गेले होते.

निर्णय

पाच विरुद्ध दोन मतांनी असे ठरले, की गाडी लाइन कार म्हणूनच जतन करायची, ती एका मोटारीवर मंद गतीने चालण्याजोगी ठेवायची, मनोरा वर-खाली होईल इतका दुरुस्त करायचा, पण त्यावर माणूस चढवायचा नाही. तारेचे प्रत्यक्ष काम पाळण्याच्या मोटारगाडीनेच होईल. प्रात्यक्षिकासाठी मनोरा वर करण्याआधी त्या भागातील वीजपुरवठा बंद करून तार रुळाला जोडली जाईल आणि गाडी दुसऱ्या गाडीने ढकलून जागेवर आणली जाईल.

देणगीदार कुटुंबाला हा निर्णय पत्राने कळवण्यात आला. पत्र सभ्य होते, कारणे त्यात नीट मांडली होती, आणि तरीही ते पाठवणे ही चूक होती, याबद्दल पुढे लिहिले आहे. कुटुंबाने देणगी मागे घेतली.

प्रत्यक्ष काम

निधी गेल्यामुळे एका हंगामाचे काम तीन हंगामांवर गेले. कुजलेल्या तुळईचा खराब भाग कापून तेथे तिरक्या सांध्याने नवा ओक बसवला. नव्या लाकडाच्या प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूने वर्षाचा शिक्का मारला, म्हणजे पुढच्या पिढीच्या सुताराला जुने कोणते आणि नवे कोणते हे शोधत बसावे लागणार नाही. मनोऱ्याच्या चार पायांपैकी दोन जुनेच राहिले. उरलेल्या दोघांना खालून जोड दिला. मनोरा वर उचलणाऱ्या, हाताने फिरवायच्या विंचचे (दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचे) दात साफ करून तीच ठेवली, मात्र दोर नवा घातला. छपरासाठी सुती कॅनव्हासच वापरला. जुन्या पद्धतीत तो सफेदा घातलेल्या, म्हणजे शिसेयुक्त, रंगाच्या थरावर ताणून बसवीत. येथे शिसे नसलेला रंग घेतला. अशा छपराला दर काही वर्षांनी रंगाचा हात द्यावा लागतो आणि देखभालीच्या वहीत त्यासाठी आता वेगळे पान आहे.

मागची मोटार काढून शेडमध्ये उंच ओट्यावर ठेवली आहे. ओट्याचा आग्रह माझा होता. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या भरतीचे खारे पाणी कनेक्टिकटमधील ईस्ट हेवन येथील ट्रॉली संग्रहालयाच्या शेडमध्ये शिरले आणि तेथील अनेक गाड्यांच्या मोटारी त्यात भिजल्या. सुती आणि अभ्रकाच्या जुन्या इन्सुलेशनमध्ये एकदा मीठ शिरले की ते नुसते सुकवून जात नाही. आमचे शेड समुद्रापासून लांब आहे, पण ओढा जवळ आहे, आणि ओट्याला लागते ते फक्त थोडे सिमेंट.

चूक झाली ती रंगाच्या बाबतीत. पाहणी पूर्ण होण्याआधीच, जुना प्रवासी क्रमांक सापडतो का हे पाहण्याच्या उत्साहात, आम्ही दोघांनी गाडीच्या उजव्या बाजूचा रंग हीट गन आणि खरवडणीने काढला. क्रमांक सापडला; सोनेरी वर्खाचे ते आकडे पाहून आम्हाला फार आनंद झाला. संध्याकाळी लक्षात आले, की वरच्या थरांमध्ये लाइन विभागाची अक्षरे होती आणि त्यांचे ना छायाचित्र घेतले होते ना रंगाचा नमुना. डावी बाजू संग्रहालयानेच पूर्वी घासून रंगवलेली असल्यामुळे तीही काही सांगू शकत नव्हती. अक्षरांचा आकार एका कृष्णधवल छायाचित्रावरून कळतो, पण त्यांचा रंग आता कायमचा गेला. म्हणून आज गाडीच्या बाजूंवर कोणतीही अक्षरे नाहीत. अंदाजाने पिवळी किंवा पांढरी अक्षरे काढणे सोपे होते आणि पाहुण्यांना ती आवडलीही असती. समितीने ते नाकारले. त्या दिवशी आम्ही साधे धुळीचे मास्क लावले होते. तापवलेल्या शिसेयुक्त रंगाच्या वाफेपुढे त्यांचा उपयोग नाही, हे मला तेव्हाही ठाऊक असायला हवे होते.

परिणाम

गाडी आता वर्षातून मोजके दिवस बाहेर येते. पुढच्या मोटारीवर ती माणसाच्या चालीने रुळाच्या टोकाजवळ जाते, तेथे तिचा ट्रॉली पोल (तारेतून वीज घेणारा छपरावरचा दांडा) उतरवून बांधला जातो, वीज बंद केली जाते, तार रुळाला जोडली जाते आणि मग दुसरी गाडी तिला मागून ढकलत पुढच्या खांबाशी आणते. हा क्रम मुद्दाम पाहुण्यांसमोर पार पाडला जातो. विंचचे दात एकेक करून वाजत मनोरा वर जातो तेव्हा मुले मोठ्याने मोजतात. आत एका वेळी सहा जणांना सोडतात. कपाटाचे दार काचेआड न ठेवता केवळ प्रकाशापासून जपण्यासाठी मिटलेले असते आणि कोणी विचारले की स्वयंसेवक ते उघडून यादी दाखवतो.

देणगीदार कुटुंबातील दोघे दुसऱ्या हंगामात, न कळवता, एका प्रात्यक्षिकाच्या दिवशी आले. त्याच सुमारास आतल्या भिंतीची एक सैल फळी काढताना आम्हाला असे दिसले होते, की खिडक्या बंद करताना कारखान्यातील कामगारांनी त्यांच्या चौकटी काढून फेकलेल्याच नव्हत्या. त्या भिंतीच्या पोकळीत खाली सोडून वर फळ्या मारल्या होत्या. जुन्या डब्यांत खिडकी उघडायची म्हणजे ती भिंतीतच खाली सरकवायची असे, त्यामुळे त्या माणसांना फक्त सगळ्या खिडक्या ‘उघड्या’ करून झाकून टाकायच्या होत्या. मूळ चेरीच्या लाकडाच्या, पितळी कड्या असलेल्या चौकटी अंधारात इतकी वर्षे तशाच उभ्या होत्या. आलेल्या दोघांना हे दाखवल्यावर त्यांनी बराच वेळ त्या फटीत विजेरीने पाहिले. नंतर त्यांनी पूर्वीच्या मानाने लहान, पण त्या कामाला पुरेल अशी रक्कम दिली आणि एका खिडकीवरची फळी बिजागरीवर बसवण्यात आली. फळी मिटली की ती लाइन कार. फळी उघडून चौकट वर ओढली की तेवढ्या चौकोनात प्रवासी डबा दिसतो. फळी, तिचे जुने खिळे आणि खिळ्यांची भोके सगळे जपलेले असल्यामुळे हा बदल हवा तेव्हा मागे घेता येतो.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, कुटुंबाला पत्र पाठवण्याआधी भेटायला हवे होते, आणि शेडमध्ये, गाडीखाली, टोच्या हातात देऊन भेटायला हवे होते. त्यांना प्रवासी रूप हवे होते ते आपल्या आजोबांसाठी, आणि समितीने उत्तर दिले ते सनदेच्या कलमांनी. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, पण त्या एकमेकींशी बोलल्याच नाहीत. भिंतीतल्या खिडक्या मतदानाआधी सापडल्या असत्या तर मधला मार्ग तेव्हाच पुढे ठेवता आला असता आणि कदाचित दोन हंगाम वाचले असते. पाहणी पुरेशी सविस्तर होती असे आम्ही मानत होतो. प्रत्यक्षात भिंतीच्या आत कोणी डोकावलेच नव्हते.

दुसरी गोष्ट रंगाची. कोणताही थर काढण्याआधी एका कोपऱ्यात पायऱ्या-पायऱ्यांनी घासून सगळ्या थरांची रंगीत खिडकी तयार करणे आणि तिचे छायाचित्र घेणे, हे पहिल्या दिवसाचे काम आहे. आता संग्रहालयात तसा लेखी नियम आहे आणि खरवडणी कुलपात असते.

तिसरी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत जास्त लागून राहिली आहे. संग्रहालयाची पहिली तार या मनोऱ्यावरून टांगणाऱ्या गटातील एक वृद्ध गृहस्थ तेव्हा हयात होते. मनोरा कोणत्या वाऱ्यात वर करू नये, फलाटावर दोघांनी उभे राहताना वजन कसे वाटायचे, तारेला ताण देताना कोणता आवाज आला की थांबायचे, हे त्यांना अंगवळणी होते. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे ठरले, एक दुपार झालीही, आणि उरलेले ‘मनोरा उभा राहिल्यावर त्याच्यासमोरच करू’ असे आम्ही म्हटले. मनोरा उभा राहण्याआधी हिवाळ्यात ते गेले. लाकूड थांबले असते. त्यांच्याकडे आधी जायला हवे होते. त्या एका दुपारच्या मुद्रणात ते शेवटी विंचच्या अडसराबद्दल सांगू लागतात आणि चहा आला म्हणून मुद्रण तेथेच बंद होते.

मागच्या मोटारीच्या पुनर्गुंडाळणीचा निर्णय अजून व्हायचा आहे. नवी गुंडाळणी म्हणजे जुनी सुती इन्सुलेशनची कॉइल कापून टाकणे, आणि एका मोटारीवर गाडी हवी तेवढी चालते, तेव्हा घाई नाही असे सध्या मत आहे. खिडकीचाही एक प्रश्न शिल्लक आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चेरीचे लाकूड फुगते आणि चौकट पोकळीतून वर येत नाही. सुतारांच्या मते कडेने केसभर रंधा मारला तर काम होईल. समितीने मूळ लाकडाला रंधा लावायला परवानगी दिलेली नाही, त्यामुळे ती खिडकी सध्या फक्त ऑक्टोबरच्या प्रात्यक्षिकांत वर ओढली जाते.